हेडमास्तरांची पत्रे आणि शहाडची सून



शहाड स्थानकाबाहेर पडून थोडे चालले की आमच्या परिचयाच्या एका शेठजींचे भुसार मालाचे दुकान लागते. बँकेत असताना त्यांचे कॅश-क्रेडिटचे खाते मी बरीच वर्षे पाहिले. निवृत्तीनंतर खाते सुटले, संबंध मात्र राहिले. गेल्या डिसेंबरातील एका संध्याकाळी तूरडाळ घेण्यासाठी गेलो असता दुकानाच्या पोटमाळ्यावरून इंग्रजीत चाललेले संभाषण कानी आले. मी वर पाहिले, तसे शेठजी काहीशा संकोचाने म्हणाले, "साहेब, आमची सून नेतागिरी शिकते आहे. मोबाईलवर."

'नेतागिरी' हा शब्द त्यांनी ज्या स्वरात उच्चारला, त्यात कौतुक नव्हते.

चौकशीअंती कळले ते असे. सूनबाई वाणिज्य पदवीधर. दुकानाची जीएसटीची विवरणपत्रे त्याच भरतात. एका परदेशी संस्थेने निरनिराळ्या देशांतील स्त्रियांसाठी राजकीय नेतृत्वाचा बारा आठवड्यांचा ऑनलाईन अभ्यासक्रम काढला होता. त्यासाठी त्यांनी घरात फारशी वाच्यता न करता अर्ज केला आणि निवड झाली. वर्ग दर गुरुवारी. हिवाळ्यात युरोपात दुपारचे अडीच वाजतात तेव्हा आपल्याकडे सात झालेले असतात. चोविहार सहाच्या आत आटोपलेला, मुलगा शिकवणीला गेलेला आणि दुकानात गिऱ्हाईक असले तरी पोटमाळ्यावर कोणी येत नाही, म्हणून ती जागा. वर्गात नेपाळमधील एक शिक्षिका, केनियातील एक वकील, फिलिपिन्समधील एक परिचारिका आणि शहाडमधील भुसार दुकानाची ही सून. एकमेकींचे चेहरे त्या चौकोनी खिडक्यांतून पाहात या स्त्रिया सभा कशी चालवावी, ठराव कसा मांडावा, विरोधकाचे म्हणणे आधी नीट ऐकून मग खोडावे कसे, याचे धडे घेत होत्या. शेवटचा विषय सूनबाईंनी सांगितला तेव्हा मला अनेकांताची आठवण झाली. त्यांनाही झाली होती म्हणे.

आपल्या व्यापारी कुटुंबांत राजकारणाविषयी एक ठरलेले वाक्य आहे : "आपण धंदेवाले. वर्गणी द्यायची आणि लांब राहायचे." बँकेच्या टेबलापलीकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा हिशेब ठेवला नाही. त्यामागचे भय खोटे नाही. परवाना, जागा, वजनमापे, कर, सगळेच कोणाच्या ना कोणाच्या सहीवर अवलंबून असते. उघडपणे एका बाजूला गेले की दुसऱ्या बाजूची नजर दुकानावर येते. परंतु हे वाक्य जणू आपल्या परंपरेतूनच आले आहे असे जे सांगितले जाते, ते मला मान्य नाही. अण्णासाहेब लठ्ठे आपलेच होते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या कार्यातून पुढे आलेला हा गृहस्थ कोल्हापूर संस्थानाचा दिवाण झाला आणि १९३७ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचा अर्थमंत्रीही झाला. हिशेब कळणाऱ्या समाजातील माणसाने सरकारचा हिशेब पाहावा, यात त्या पिढीला काही वावगे वाटले नाही.

असो. मूळ गोष्टीकडे येतो, कारण डिसेंबरच्या अखेरीस तीत एक गाठ पडली.

कल्याण-डोंबिवली महापालिकेची त्यापूर्वीची निवडणूक नोव्हेंबर २०१५ मध्ये झाली होती. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकीय राजवट राहिली. अखेर जानेवारी २०२६ मध्ये १२२ जागांसाठी मतदान ठरले. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव. अर्ज भरण्याचे दिवस आले तसे एका पक्षाचे दोन कार्यकर्ते शेठजींकडे आले आणि म्हणाले, "शेठ, महिलांची जागा आहे. घरातली एखादी बाई द्या. फक्त नाव पाहिजे, बाकी आम्ही बघतो." शेठजींनी हात जोडून नकार दिला, चहा पाजला आणि विषय संपवला. सूनबाई त्या वेळी वरच होत्या, हिशेब लिहीत. त्यांना हे कळले चार दिवसांनी, तेही नोकराकडून.

त्या रात्री त्यांचा मला फोन आला. रडण्याचा सूर नव्हता, पण आवाज बदललेला होता. "काका, मी उभी राहिले असते असे नाही. मुलगा लहान आहे. पण मी घरात असताना मला कोणी विचारलेसुद्धा नाही. मागणाऱ्यांनीही नाही, नकार देणाऱ्यांनीही नाही."

मी दोन्हीकडून काही बोललो नाही. बँकेत असताना कर्जदाराच्या बायकोची सही जामिनावर घेताना तिला कागद वाचून दाखवला पाहिजे, असा नियम होता. किती वेळा वाचून दाखवला, हे माझे मला ठाऊक आहे.

आता प्रश्न असा की, अशा स्त्रीने राजकारणाचे शिक्षण घ्यावे तरी कोठे? आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भाईंदरजवळ उत्तन येथे रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. १९८२ साली स्थापन झालेली ही संस्था लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्ते यांच्या प्रशिक्षणासाठी ओळखली जाते. ती एका विचारधारेच्या जवळची आहे हे सर्वविदित आहे, आणि ते लपवण्याचे कारणही नाही. ज्यांच्या नावाने ती आहे ते रामभाऊ म्हाळगी ठाण्याचे खासदार होते आणि आपण काय काम केले याचा वार्षिक अहवाल मतदारांना देण्याबद्दल त्यांची ख्याती होती. याच प्रबोधिनीने २०१७ पासून नेतृत्व, राजकारण आणि शासनव्यवहार यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला आहे; मात्र तो पूर्ण वेळ आणि निवासी. पुण्यात एमआयटीचे स्कूल ऑफ गव्हर्नमेंट २००५ पासून आहे. विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनाच्या काळात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरवते. सगळे चांगले आहे. पण शहाडहून दादर, दादरहून भाईंदर आणि तेथून बसने उत्तन, हा प्रवास ज्याने एकदा केला आहे त्याला ठाऊक आहे की शाळकरी मुलाची आई हे रोज करू शकत नाही. आणि महिनोन्महिने तेथे राहणे तर दूरच.

म्हणून पोटमाळा. परदेशातही हाच विचार झालेला दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्था, आंतरसंसदीय संघ आणि इतर काही यांनी मिळून २००७ साली राजकारणातील स्त्रियांसाठी 'आयनो पॉलिटिक्स' नावाचे ज्ञानजाळे सुरू केले. त्यांपैकी आंतरसंसदीय संघ हा १८८९ सालचा, म्हणजे जगातील या प्रकारच्या जुन्या संस्थांपैकी एक. १९११ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रकुल संसदीय मंडळानेही लोकप्रतिनिधींसाठी ऑनलाईन पाठ तयार केले आहेत. आपला देशही केवळ घेणारा नाही. परदेशी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची भारताची 'आयटेक' योजना १९६४ पासूनची. एप्रिल २०२० मध्ये विमाने बंद असताना तिचेच वर्ग पडद्यावर आले आणि रायपूरच्या एम्सने शेजारी देशांतील डॉक्टर-परिचारिकांना कोविडविषयी शिकवले. निवडणूक आयोगाची दिल्लीतील प्रशिक्षण संस्था २०११ पासून अन्य देशांच्या निवडणूक अधिकाऱ्यांना शिकवते. लोकसभेच्या सचिवालयाचा प्रशिक्षण विभाग तर १९७६ सालचा. परदेशी संसदांचे अधिकारी तेथे शिकून गेले आहेत.

इतके सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सूनबाईंच्या अभ्यासक्रमाचे पहिले सहा आठवडे मी त्यांच्या टिपणवहीतून पाहिले. निम्मे पाठ ध्वनिचित्रफितींचे, प्रत्येक आठ-दहा मिनिटांचा. एका सामायिकाच्या वेळात पाच पाठ होतील. शेवटी पर्यायी उत्तरांचे पाच प्रश्न आणि यंत्राने दिलेले गुण. उदाहरणे परक्या संसदांची. 'तुमचे कथानक सांगा', 'तुमचा आवाज शोधा' असल्या सूचना भरपूर. वक्तृत्वाला तोटा नाही. ज्याने तीस वर्षे ताळेबंद वाचले त्या माणसाला हे सगळे फुगवलेल्या मालासारखे वाटले. वजन कमी, आकार मोठा. माझे हे मत मी त्यांना सांगितले आणि ते त्यांना आवडले नाही. त्या म्हणाल्या, "काका, सभेत बोलण्याआधी पाय थरथरतात ते तुम्हाला ठाऊक नाही. मला ते आधी थांबवायचे आहे." त्यांचे बरोबर होते. मी माझे मत अर्धे मागे घेतले.

उरलेले अर्धे मागे घेतले नाही. त्याचे कारण नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

राजकीय शिक्षण दुरून घेण्याची कल्पना आपल्याकडे इंटरनेटबरोबर आली, असे कोणी समजू नये. गोखले फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना त्यांना सार्वजनिक अर्थकारण शिकवणाऱ्यांत न्यायमूर्ती रानडे तर होतेच. पण आकडेवारीत त्यांचे मोठे आधार होते रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी, सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातील अर्थविषयक लेखनामागे या हेडमास्तरांचा अभ्यास होता. ते बहुधा पुण्याबाहेर नोकरीवर असत. म्हणून शिक्षण चालले ते टपालाने. गोखले प्रश्न विचारत, मसुदे पाठवत. जोशी सरकारी अहवालांतून आकडे काढून, कोष्टके करून, चूक तेथे चूक म्हणून परत पाठवत. १८९७ च्या एप्रिलमध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोखल्यांची लंडनमध्ये साक्ष झाली. तेव्हा ते तीस वर्षांचे होते. आयोगाच्या सदस्यांनी उलटतपासणी केली तेव्हा हा तरुण प्राध्यापक लष्करी खर्च, विनिमयाचा दर, रेल्वेचे व्याज यांवर न अडखळता बोलला. त्या उत्तरांमागे हेडमास्तरांची कोष्टके होती.

पुढे २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोखल्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत लागोपाठ काही वर्षे शिल्लक पडत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखवली जात होती. गोखल्यांनी दाखवले की रुपया घसरला तेव्हा वाढवलेले कर रुपया वधारल्यावरही तसेच ठेवले आहेत. ही शिल्लक भरभराटीची नसून रयतेकडून जास्त घेतल्याची आहे. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एका रुपयावर. हे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या भाषणाच्या तयारीतही जोशींचा हात होता, हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते.

आता याच कथेची दुसरी बाजू. १८९७ च्या त्याच उन्हाळ्यात गोखले विलायतेत असताना पुण्यात प्लेगचे थैमान चालू होते आणि घरझडतीच्या वेळी गोऱ्या सैनिकांनी अत्याचार केल्याच्या बातम्या त्यांना पुण्याहून पत्रांनी कळत होत्या. पत्र पोहोचायला दोन-अडीच आठवडे. पत्रे विश्वासू माणसांची होती. त्यांच्या आधारे गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्राला दोन स्त्रियांवरील अत्याचाराची हकीकत सांगितली. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर त्यांनी शोध घेतला, तेव्हा ज्यांनी लिहिले होते त्यांच्यापैकी कोणी नावानिशी पुढे येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यासाठी त्यांना कित्येक वर्षे बोल लावले.

दोन्ही वेळा टपाल तेच, आणि माणूसही तोच. एका पत्रातील प्रत्येक आकड्याला अहवालाचे पान होते, दुसऱ्या पत्रातील हकीकतीला साक्षीदार नव्हता. मला या दोन गोष्टी एकाच वर्षी घडलेल्या पाहून नेहमी नवल वाटते. त्याच गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापला तेव्हा सदस्यांसाठी पाच वर्षांची उमेदवारी ठेवली. आजच्या बारा आठवड्यांशी मी तिची तुलना करणार नाही, काळ वेगळा. पण पाच वर्षे का, याचे एक उत्तर मला १८९७ मध्ये दिसते.

हे सगळे मी सूनबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "मग माझे हेडमास्तर कोण?"

प्रश्न अनपेक्षित होता. मी हसण्यावारी नेले. परंतु आठव्या आठवड्यात अभ्यासक्रमाने एक गृहपाठ दिला आणि तेथे मला माझे अर्धे मत आणखी थोडे मागे घ्यावे लागले. गृहपाठ असा : आपल्या शहराचे अंदाजपत्रक मिळवा आणि त्यावर निवडून आलेल्या सदस्याने विचारावेत असे तीन प्रश्न लिहा. प्रत्येक प्रश्नाला पान क्रमांक द्या.

पान क्रमांक! ज्या कोणी परदेशी बाईंनी ही अट घातली, त्यांना माझा दुरून नमस्कार.

महापालिकेचे मागील वर्षाचे अंदाजपत्रक सूनबाईंनी मिळवले, छापून घेतले आणि मी दर रविवारी दुपारी दुकानाच्या पोटमाळ्यावर जाऊ लागलो. गुडघ्यांमुळे शिडी चढताना त्रास होतो, पण त्याला इलाज नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक वाचणे व्यापाऱ्याच्या घरातील माणसाला अवघड नाही, हे येथे मुद्दाम सांगतो. जमा एका बाजूला, खर्च एका बाजूला. प्रत्येक बाबीपुढे साधारणपणे चार आकडे : गेल्या वर्षी प्रत्यक्ष काय झाले, चालू वर्षासाठी काय धरले होते, त्यात सुधारणा करून आता काय धरले आहे आणि पुढील वर्षासाठी काय धरायचे. महसुली खर्च म्हणजे दुकानाचे भाडे, पगार, वीज; भांडवली खर्च म्हणजे नवे गोदाम. खरी गंमत पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांत असते. जे धरले आणि जे झाले त्यांत वर्षानुवर्षे एकाच बाबीवर अंतर पडत असेल तर तेथे बोट ठेवावे. कायद्याप्रमाणे आयुक्त अंदाज तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती ते सभागृहाकडे नेते. प्रशासकाच्या काळात स्थायी समितीचे आणि सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडेच असतात. मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. पाच वर्षे बोट ठेवायला निवडून आलेले कोणी नव्हते, याचा अर्थ सूनबाईंना येथे नीट कळला. मलाही तो त्यांना समजावताना अधिक कळला.

दरम्यान त्यांच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आणि आमच्या परिसरातील गटांवर शहराच्या कर्जाविषयी एक भलामोठा आकडा फिरत होता. त्यांनी तो पहिल्या प्रश्नात घातला होता. मी म्हणालो, "पुस्तकात कोठे आहे?" दोघांनी तासभर शोधले. सापडला नाही. त्यांनी तो प्रश्न खोडला. मी १८९७ चे नाव घेतले नाही, त्यांनीच घेतले.

तिसऱ्या रविवारी शेठजी शिडी चढून वर आले. बोलले काही नाही. आम्ही दोघे काय करतो ते पाहात गोणीवर बसले. मग चष्मा लावून त्यांनी एक पान ओढून घेतले आणि ज्या सवयीने ते रोजमेळ पाहतात त्या सवयीने बोट वरून खाली फिरवू लागले. मध्येच थांबून म्हणाले, "ही शिल्लक पुढे ओढली आहे. पण मागच्या पानावर अखेरची शिल्लक वेगळी दिसते. असे कसे?" आम्ही पाहिले. ती शिल्लक वेगळ्या निधीची होती, चूक नव्हती. त्यांना ते पटायला पाऊण तास लागला. पटल्यावर त्यांनी दुसरे पान घेतले.

"हे विचारायचे असते कोणाला?" त्यांनी विचारले.

"सभागृहात, पप्पा," सूनबाई म्हणाल्या.

शेठजींनी मान वर केली नाही. खालून गिऱ्हाईकाची हाक आली तेव्हा पुस्तकातील पाच-सहा पाने त्यांनी काढून घेतली आणि शिडीवरून उतरताना खिशात घातली. बुधवारी सकाळी त्यांनी ती नोकराबरोबर माझ्याकडे पाठवली. आठ ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा होत्या. रस्त्यांच्या दुरुस्तीच्या बाबीवर दोन रेघा आणि समोर गुजरातीत 'पूछवुं' असे लिहिलेले.

सूनबाईंनी त्या आठांतून एक आणि स्वतःचे दोन असे तीन प्रश्न निवडले आहेत. पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक येईल तेव्हा मुलगा दहावीला असेल, एवढेच त्या म्हणतात. गृहपाठ पुढील गुरुवारी द्यायचा आहे. इंग्रजी तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि दुसऱ्या प्रश्नाचा पान क्रमांक अजून जुळत नाही.